नवा लॅपटॉप घेताना: विंडोज, डॉस, उबंटू की क्रोमबुक?

लॅपटॉप निवडताना प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची तुलना सगळेच करतात. त्याच तपशिलात खाली कुठेतरी ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे ‘विंडोज ११ होम’, ‘डॉस’, ‘उबंटू’ किंवा ‘क्रोमओएस’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. डॉस ही विंडोजच्या आधीची जुनी, नुसत्या काळ्या पडद्याची प्रणाली; उबंटू हे लिनक्स या मुक्त प्रणालीचं एक रूप; आणि गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप म्हणजे क्रोमबुक. एकाच मॉडेलच्या किमतीत त्या ओळीमुळे काही हजारांचा फरक पडतो. पुढची चार-पाच वर्षं यंत्र सुखाने चालणार की रोज डोकं खाणार, हेही बरंचसं तिथेच ठरतं. अ‍ॅपलचं मॅकबुक इथे धरलेलं नाही, कारण तिथे यंत्रही अ‍ॅपलचं आणि प्रणालीही अ‍ॅपलचीच. निवडायला काही उरत नाही.

माझं मत आधीच सांगतो. स्वस्त पडतो म्हणून डॉसचा लॅपटॉप घ्यायचा आणि दुकानदाराकडून त्यावर ‘फुकट’ विंडोज टाकून घ्यायचं, हा सगळ्यांत वाईट सौदा आहे. बाकी पर्यायांत कामाप्रमाणे निवड करता येते.

कंपनी काय बघून ठरवते

यंत्रावर काय घालून पाठवायचं हे ठरवताना उत्पादकासमोर तीन हिशेब असतात: परवान्याचा खर्च, परत येणारा माल आणि इतर सॉफ्टवेअर कंपन्यांकडून मिळणारे पैसे. ग्राहकाला काय सोयीचं, हा विचार यांच्यानंतर येतो.

एकेकाळी चौथी गोष्ट सर्वांत जड होती, ती म्हणजे मायक्रोसॉफ्टची मर्जी. १९९६ मध्ये कॉम्पॅकने आपल्या प्रेसारिओ संगणकांच्या डेस्कटॉपवरून इंटरनेट एक्सप्लोररचं चिन्ह काढलं, तेव्हा विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस आली आणि कॉम्पॅकने चिन्ह परत बसवलं. आयबीएमला विंडोज ९५ चा परवाना २४ ऑगस्ट १९९५ रोजी, अनावरणाच्या कार्यक्रमाला अवघी पंधरा मिनिटं उरली असताना मिळाला. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात या दोन्ही गोष्टी न्यायालयाने नोंदवून ठेवल्या आहेत. त्या खटल्याच्या २००२ मधल्या निकालानंतर चिन्हं कोणती ठेवायची, ब्राउझर कोणता द्यायचा याची उत्पादकांना बरीच मोकळीक मिळाली.

ती मोकळीक त्यांनी कशी वापरली, ते नव्या लॅपटॉपवर दिसतं: अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती, दोन-चार खेळ, खरेदीच्या साइटचं चिन्ह, कंपनीचा स्वतःचा ‘सहायक’. अँटिव्हायरस कंपन्या त्या जागेसाठी उत्पादकाला पैसे मोजतात. लॅपटॉपवरचा नफा मुळात तुटपुंजा, त्यामुळे ही रक्कम त्यांना सोडवत नाही.

परत येणाऱ्या मालाचं उदाहरण नेटबुकचं, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपचं. २००७ मध्ये आसुसने सात इंची पडद्याचा ईईई पीसी आणला. त्यावर झँड्रॉस लिनक्स होतं आणि तो चांगला खपला. मायक्रोसॉफ्टने मग विक्रीतून काढायला घेतलेलं विंडोज एक्सपी होम या छोट्या यंत्रांपुरतं चालू ठेवलं, आणि वर्ष-दोन वर्षांत बाजार एक्सपीकडे झुकला. एमएसआय कंपनीच्या एका अधिकाऱ्याने २००८ मध्ये सांगितलं होतं, की त्यांची लिनक्सची नेटबुकं विंडोजच्या तुलनेत चौपट प्रमाणात परत येत होती. लोकांना ओळखीचा पडदा हवा होता. दुकानांत आजही विंडोजच पुढे मांडलेलं दिसतं, त्यामागे ही भीती आहे.

डॉस विरुद्ध विंडोज

‘डॉस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावर बहुधा फ्रीडॉस असतं. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस गुंडाळणार असं दिसल्यावर १९९४ मध्ये जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण घरच्या वापराच्या दृष्टीने तुमच्यासमोर येतो तो फक्त काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. परवान्याचा खर्च नाही, यंत्र चालू होतं एवढं दाखवता येतं, म्हणून उत्पादक ते घालतो. स्वतः लिनक्स बसवणाऱ्याला किंवा आधीपासून विंडोजचा स्वतंत्र परवाना असलेल्या संस्थेला हा पर्याय योग्य आहे.

प्रत्यक्षात मात्र लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, अशा यंत्रावर क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणारा कोणी ना कोणी भेटतोच. ते चालू करणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवण्यासाठी बहुतेक वेळा आधी विंडोजचं संरक्षण, म्हणजे डिफेंडर, बंद करावं लागतं. कोणी लिहिलं हे माहीत नसलेला प्रोग्राम, प्रशासकाचे पूर्ण अधिकार देऊन, पहारा उठवून चालवायचा. आणि पुढे त्याच यंत्रावरून नेटबँकिंग करायचं, आधारच्या प्रती ठेवायच्या! पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरण्याची ही नेहमीची वाट आहे. छोट्या कार्यालयात तर यात कॉपीराइट कायद्याचा भंगही येतो, आणि तपासणीत जबाबदारी दुकानदाराची नसते, मालकाची असते.

याउलट विंडोजसह आलेल्या यंत्रात परवान्याची किल्ली थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यात कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. विंडोज ८ पासून ही पद्धत आहे. डिस्क पूर्ण पुसून त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा बसवलं, की परवाना आपोआप ओळखला जातो. तो त्या यंत्रालाच बांधलेला असतो, दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही; पण घरगुती ग्राहकाला त्याने फारसं अडत नाही. होम घ्यायचं की प्रो? कार्यालयाचं डोमेन, म्हणजे सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळणारं जाळं, नसेल आणि बाहेरून त्या यंत्रावर रिमोट डेस्कटॉपने काम करायचं नसेल, तर होम पुरतं.

विंडोज विरुद्ध उबंटू

इथे निर्णय खरोखर कामावर अवलंबून आहे.

उबंटू आधीपासून बसवलेलं यंत्र घेण्याचा फायदा प्रणाली फुकट असण्यात नाही, ती कुणालाही उतरवून घेता येते. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं-जागणं, बोटाच्या ठशाचा सेन्सर हे सगळं त्या प्रणालीवर चालतं याची खात्री उत्पादकाने केलेली असते, त्याचे पैसे तुम्ही देता. डेलने ग्राहकांच्या मागणीवरून २००७ मध्ये उबंटूची यंत्रं विकायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी एक्सपीएस १३ ची खास आवृत्ती काढली. असं मन लावून केलेलं काम आणि स्वस्त मॉडेलवर परवाना वाचवण्यासाठी कसंबसं घातलेलं लिनक्स, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ठशाचा सेन्सर चालेलच असं नाही. कोणतं मॉडेल प्रमाणित आहे, त्याची यादी उबंटू बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी आपल्या संकेतस्थळावर देते. पैसे देण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक तिथे शोधा.

अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी निःशंक उबंटू सुचवेन. सर्व्हरवर पुढे लिनक्सच भेटणार आहे. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा सुधारणा मिळतात, जाहिराती नाहीत, चाचणी आवृत्त्या नाहीत. शाळांचं म्हणाल, तर केरळने सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त प्रणाली चालवून दाखवली आहे, पण तिथे शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दुरुस्तीची व्यवस्था मागे उभी आहे. नुसती यंत्रं आणून ते होत नाही.

मराठीचा प्रश्न दोन्हीकडे सुटलेला आहे, निदान युनिकोडपुरता, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीपुरता. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड तर आहेच, २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. उबंटूत आयबस या टंकनाच्या सोयीच्या आधारे इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी दोन्ही पद्धती मिळतात. ‘कऱ्हाड’ आणि ‘दऱ्याखोऱ्या’ हे शब्द टाइप करून बघा, हीच खरी परीक्षा. दोन्ही प्रणाली तीत उत्तीर्ण होतात.

घोडं अडतं ते जुन्या कामापाशी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, यांच्या फॉन्टांत रचलेल्या पत्रिका, अंक, अहवाल यांचे ढीग छपाईच्या दुकानांत पडून आहेत, आणि त्यांच्या जोडीला पेजमेकर नाहीतर कोरलड्रॉ. हे विंडोजचं जग आहे. डीटीपीचा व्यवसाय असेल तर उबंटूचा विचार सध्या बाजूला ठेवा. टॅलीचंही तसंच. आयकर विवरणपत्राची एक्सेलवर चालणारी युटिलिटी मायक्रोसॉफ्टचंच एक्सेल मागते. ई-टेंडरसाठी लागणाऱ्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं लिनक्सवर जमवताना नवख्याची दमछाक होते. घरात कोणी एमएस-सीआयटी करत असेल तर तिथे शिकवतात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. सराव त्यावरच व्हायला हवा.

क्रोमबुक

थोडक्यात: सातवी-आठवीच्या मुलासाठी, शाळा गुगल क्लासरूम वापरत असेल आणि घरी इंटरनेट भरवशाचं असेल तर चांगलं. लवकर चालू होतं, व्हायरसचा त्रास जवळजवळ नाही. पण टॅली नाही, श्रीलिपी नाही, आणि इंटरनेट गेलं की काम आखडतं.

एक गोष्ट मात्र नीट बघा. गुगल आता क्रोमबुकला दहा वर्षं सुधारणा देतं, पण ती दहा वर्षं तुमच्या खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत. ते मॉडेल ज्या हार्डवेअर रचनेवर बेतलेलं आहे ती बाजारात आली, तेव्हापासून मोजतात. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल घेतलंत तर त्यातली काही वर्षं आधीच सरलेली असतात. अखेरची तारीख मॉडेलनुसार गुगलच्या यादीत मिळते.

विंडोज घेतलं तर: सोबत आलेला कचरा

चाचणी आवृत्त्या नुसत्या अडगळीच्या असत्या तर मी एवढं लिहिलं नसतं. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोने घरगुती ग्राहकांच्या अनेक लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिराती दाखवणारा प्रोग्राम घातला. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे कोणतं संकेतस्थळ खरं हे ब्राउझर ज्यावरून ठरवतो ती खूण, बसवलं. सगळ्या यंत्रांवर त्याची गुप्त किल्ली एकच होती, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये एका सुरक्षा तज्ज्ञाने तिचा पासवर्ड शोधून काढला. म्हणजे विमानतळावरच्या वायफायवर बसलेला कोणीही खोटं बँकेचं पान दाखवू शकला असता, आणि ब्राउझरने ते खरं मानलं असतं. २०१७ मध्ये लेनोवोने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी समझोता केला आणि ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर दिले. त्यांच्या थिंकपॅड मालिकेत सुपरफिश नव्हतं. कंपन्यांना विकायच्या यंत्रांत असले प्रकार चालत नाहीत हे उत्पादकालाही ठाऊक होतं. घरगुती ग्राहकाला त्यांनी कमी लेखलं, याचा मला आजही राग येतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये डेलच्या यंत्रांवरही ईडेलरूट नावाचं असंच धोकादायक प्रमाणपत्र सापडलं. तिथे उद्देश ग्राहकसेवेचा होता, पण भोक तसंच पडलं.

म्हणून विंडोजचं यंत्र घेतलंत, तर पहिल्याच दिवशी चाचणीचा अँटिव्हायरस काढून टाका. तो गेला की डिफेंडर आपोआप चालू होतं आणि घरच्या वापराला ते पुरेसं आहे. थोडी हिंमत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि डिस्क पुसून कोरी स्थापना करा. ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवर मिळतात. मात्र यंत्रासोबत ऑफिस आलं असेल, तर पुसण्याआधी ते स्वतःच्या खात्याने चालू करून घ्या, कारण त्याचा परवाना खात्याला जोडला जातो.

हे खातं स्वतःचंच असायला हवं. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू होताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, आणि दुकानदार मदत म्हणून स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. मग ऑफिस त्याच्या नावावर जातं. त्याहून गंभीर म्हणजे, अनेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि ती उघडण्याची रिकव्हरी किल्ली त्याच खात्यात साठते. पुढे मदरबोर्ड बदलला आणि यंत्राने ती किल्ली मागितली, तर मुलांचे फोटो आणि घराची कागदपत्रं त्या दुकानदाराच्या ईमेलवर अडकतात. सील फोडून यंत्र चालू करून दाखवा म्हणा, पण खात्याच्या पानावर थांबवून घरी आणा.

मी कुणाला काय घ्यायला सांगेन

लहान व्यवसाय, छपाई, हिशेब, एमएस-सीआयटी: परवान्यासह विंडोज ११, बजेट कमी असेल तर प्रोसेसरची एक पायरी उतरा पण परवाना सोडू नका. जुना विंडोज १० चा लॅपटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मात्र असाच लॅपटॉप आधीपासून घरात असेल तर त्यावर उबंटू घालून आजी-आजोबांना द्या. बातम्या, यूट्यूब, परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल, सगळं ब्राउझरमधून होतं. शिकणाऱ्या प्रोग्रॅमरने प्रमाणित उबंटू यंत्र घ्यावं. तसं मिळालं नाही तर डॉसचं घेऊन स्वतः लिनक्स बसवावं, घरगुती ग्राहकासाठी तेवढा एकच प्रसंग मला डॉसच्या बाजूने दिसतो.

विंडोजची आणि डॉसची आवृत्ती दिसायला हुबेहूब सारखी असते, फक्त मॉडेल क्रमांकाची शेवटची अक्षरं वेगळी असतात. तो पूर्ण क्रमांक खोक्यावर आणि बिलावर एकच आहे ना, हे सील फोडण्याआधी ताडून बघा, आणि ‘विंडोज ११ होम’, ऑफिस असेल तर त्याची आवृत्ती, हे शब्द बिलावर लिहून घ्या.