न पिणाऱ्यांचे सहा ग्लास

हॉटेलचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. पाचगणीच्या बाजूला आहे एवढं पुरे. बारा-चौदा माणसांचीच सोय, आधी बुकिंग करायचं, मेन्यू कार्ड नाही, ते देतील ते नऊ कोर्स गपगुमान खायचे, टेस्टिंग मेन्यू म्हणतात तसलं. जेवण माणशी ३८०० रुपये. त्यावर वाइन पेअरिंग घेतलं, म्हणजे कोर्सला जुळेल अशी वाइन, तर आणखी २६००. आणि न पिणाऱ्यांसाठी नॉन-अल्कोहोलिक पेअरिंग १७०० ला, सहा ग्लास. हा रिव्ह्यू त्या १७०० चा आहे, जेवणाचं कौतुक बाकीचे करतीलच.

मी पीत नाही. लोकांना वाटतं त्याला काहीतरी कारण पाहिजे, गोळ्या चालू आहेत का, कुणाला शब्द दिलाय का, बायको ओरडते का. तसलं काही नाही, कॉलेजात दोनदा घेतली, चव आवडली नाही, विषय संपला. पण भारीतल्या हॉटेलात गेलं की न पिणाऱ्याच्या नशिबात दोनच गोष्टी, एक फ्रेश लाइम सोडा आणि दुसरं ते निळंशार सिरप घातलेलं मॉकटेल, वर चेरी टोचलेली, जणू पोराच्या वाढदिवसाला आलोय. आणि रात्री घाट उतरायला गाडीची किल्ली आपल्याच हातात, ते तर ठरलेलंच.

या वेळी निमित्त सासऱ्यांच्या सत्तरीचं. पुण्याच्या साडूनं बुकिंग केलं, आम्ही साताऱ्याहून वाईमार्गे पसरणी घाट चढून गेलो, मामा, म्हणजे सासरे, आदल्या दिवशीच आमच्याकडं येऊन राहिलेले. मामांची तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग, गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं झाली. म्हणजे मांस-मच्छी नाही, अंडं नाही, दारू तर नाहीच, कांदा-लसूण चालतो. पलूसला वाइन पार्क, म्हणजे वाइन कारखान्यांची वसाहत, आलं तेव्हा आजूबाजूच्या काहींनी वाइनची द्राक्षं लावली, मामांनी माळेमुळं लावली नाहीत. बेदाण्याचंच करतात अजून. हे सगळं, बागेचं सोडून, साडूनं फोनवर नीट सांगितलेलं, एक माणूस माळकरी आहे, स्वयंपाकातसुद्धा दारू नको. पलीकडून पोरगी म्हणाली ओके सर, व्हेज. ते 'ओके सर, व्हेज' लक्षात ठेवा.

पहिला ग्लास आला तो हिरवट, गार, अगदी बारीक बुडबुडे, कडेला मीठ. सोबत ज्वारीची कागदासारखी पातळ पापडी, त्यावर लोणी आणि ठेच्याचा एक ठिपका. वेटर सांगायला लागला, सर धिस इज व्हर्जूस, कच्च्या द्राक्षाचा... तोवर मामांनी घोट घेतलेला. डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावून टक्क आवाज काढला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्ये थिनिंगचं मणी हायती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं घड धरतात तेव्हा जादा घड आणि घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढून टाकतात, म्हणजे राहिलेले मणी फुगतात. बायका मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभ्या असतात. काढलेलं सगळं खाली मातीत. म्हणजे शेतकरी मजुरी देऊन जे फेकतो तेच दाबून, गाळून, फ्रीज करून इथं ग्लासात. आम्ही गेलो जानेवारीत, म्हणजे माल ताजाच होता. मामांना राग येईल असं मला वाटलं, पण ते खूश, दुसरा घोट घेतला आणि वेटरला विचारलं, फवारणी कवाची हाय? वेटर गडबडला. शेफ बाहेर आला, तिशीतलं पोरगं, म्हणाला काका, ज्या बागेतून घेतो तिथं फवारणी करतच नाहीत. मामा हसले. "दावण्या न् भुरी काय पत्ता इचारून येती व्हय?" हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. शेफला काही बोलता येईना. पण ग्लास एक नंबर होता, आंबट, शेवटाला किंचित तुरट, लोण्याचा तवंग तोंडातून साफ.

आणि खरी गंमत तिथंच आहे. साडू वाइन पीत होता त्याच्याकडं मी बघत होतो, घास, घोट, घास, घोट, आणि दर घासाला त्याचं तोंड नव्यानं सुरू होत होतं. वाइन आंबट असते, लाल असली तर तुरट पण असते, आणि द्राक्षातली साखर आंबताना बरीचशी संपलेली असते. चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते ना, तेच ते टॅनिन. आपण मटणावर लिंबू पिळतो, माशावर सोलकढी पितो, काम तेच. फळाचा गोड रस दिला की सगळं उलटं होतं, शेजारचा पदार्थ अळणी तरी लागतो नाहीतर उगाच आंबट, आणि पोट भरतं ते वेगळंच. द्राक्षाच्या रसात १०० मिलीला १५-१६ ग्रॅम साखर असते. ग्लास ९० मिलीचा धरा, सहाही ग्लास तसल्या रसाचे असते तर ८० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे सोळा चमचे. नवव्या कोर्सला माणूस झोपेल. म्हणून न पिणाऱ्याला गोड द्या, खूश होईल, हे जे हॉटेलवाल्यांच्या डोक्यात बसलंय ना त्याची मला चीड आहे.

दुसरा ग्लास स्ट्रॉबेरीचा, शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला, मिरपूड घातलेला, हुरड्याबरोबर. चांगला. बायकोला जास्त आवडला.

तिसरा कोंबुचा. चहा आंबवून करतात ते. आता आंबवलं म्हणलं की मी कान टवकारले, मामांसाठी. वेटरला विचारलं, यात अल्कोहोल असतं का, तो छातीठोक म्हणाला झिरो सर. म्हणलं आत विचारून ये. शेफ परत बाहेर आला आणि त्यानं मात्र खरं सांगितलं, की आंबताना थोडं तयार होतंच, ०.५ टक्क्याच्या आत ठेवतो, तेवढ्याला नॉन-अल्कोहोलिकच धरतात. मला ते चाललं. मामांनी ग्लास हळूच बाजूला सरकवला. मी उगाच म्हणलं, मामा, आंबील पिताच की तुम्ही. तर म्हणाले, "आंबील आईनं केल्याली असती." यावर काय बोलणार. बदली म्हणून हिंग लावलेलं ताक आलं, पण दहा-बारा मिनिटांनी, तोवर कोर्स गार. आधीच माहीत होतं ना माळकरी आहेत म्हणून, मग ताक तयार नको होतं?

चौथ्यानं मात्र सगळं माफ. मातीच्या छोट्या कुल्हडात गरम, तपकिरी, दाटसर काहीतरी. वास आला आणि मी आणि बायको एकदमच म्हणालो, माडगं! हुलग्याचं माडगं. आमच्याकडं गूळ-सुंठ घालून करतात, आजारी माणसाला देतात, पावसाळ्यात देतात. इथं गूळ अजिबात नाही, हुलगे चांगले काळपट भाजलेले, लसूण-जिऱ्याची फोडणी, मग गाळून पातळ केलेलं. आम्हाला त्याच्याबरोबर मटण, मंद आचेवर शिजवलेलं, मामांना कृष्णाकाठचं वांगं भाजून, वर कारळ्याची चटणी. भाजक्या हुलग्याचा तो मागं राहणारा कडवटपणा आणि अंगाला लागणारा दाटपणा, मटणाच्या चरबीला असा भिडला की साडूनं स्वतःची रेड वाइन सोडून माझ्या कुल्हडात तोंड घातलं. तो जे २६०० देऊन पीत होता त्यापेक्षा हे बरं होतं, त्यानंच कबूल केलं, आणि साडू सहजासहजी काही कबूल करत नाही.

आणि मग पाचवा, केलेल्यावर बोळा फिरवला. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची झणझणीत आमटी, फक्त चार चमचे पण जीव काढणारी, आणि शेजारी तुतीचं सरबत. गोडमिट्ट. तिखटावर गोड, थंड होईल असा विचार असेल, पण दोन घोटात आमटीची सगळी चव गेली, तोंडात नुसता पाक. दुकानात बाटली मिळते तसला. मी अर्धा ठेवला. सहावा ग्लास संत्र्याची साल घातलेली गार काळी कॉफी, ठीक.

आता ती गोष्ट. शेवटी स्ट्रॉबेरी आली, मऊ शिजवलेली, गडद लाल, खाली खरवसाची वडी. मामांनी दोन खाल्ल्या. तिसरी चमच्यात होती आणि मेहुणी वडिलांना म्हणाली, दादा थांबा, आणि तिनं वास घेतला. रेड वाइनमध्ये शिजवलेली. कुणीही सांगितलं नव्हतं. मामांनी चमचा खाली ठेवला, उठून बाहेर गेले, खळखळून चूळ भरली, येऊन गप बसले. एक शब्द नाही. मॅनेजर आला तर आम्हालाच समजावतो, सर कुकिंगमध्ये अल्कोहोल उडून जातं. सगळं उडत नाही, थोडं राहतंच, किती वेळ शिजवलं त्यावर आहे. आणि समजा एकूण एक थेंब उडाला असता तरी माळ घातलेल्या माणसाला तुम्ही न सांगता ते वाढणार का? फोनवर सांगितलेलं कुठं गेलं? तर त्यांच्याकडं चिठ्ठीवर फक्त 'व्हेज' लिहिलेलं. मामांचे १७०० बिलातून वजा केले. माफी साडूकडं मागितली, मामांकडं कुणी गेलं नाही. शेफ असता तर गेला असता असं मला वाटतं, पण तो तेव्हा आत होता.

बाकी किरकोळ, पाण्याची ३५० ची बाटली न विचारता फोडतात, साधं पाणी मागितलं की देतात, पण मागावं लागतं. धुकं होतं, घाट उतरायला तास गेला, मागं साडू घोरतोय. मामा पुढं माझ्या शेजारी बसलेले, वाई येईपर्यंत बोलले नाहीत, मग एकदम म्हणाले, त्या पोराला सांगा, डिसेंबरात थिनिंगला बाग बघायला ये म्हणावं, फवारणीची वही दाखवतो.

मी परत जाईन, मामांना घेऊन नाही. माळकरी माणूस असेल तर फोनवर सांगून भागत नाही, बसल्या बसल्या शेफला बाहेर बोलवा आणि नवाच्या नऊ कोर्सचं विचारून घ्या, लाजू नका. मला स्वतःला तर सहा ग्लास नकोतच, व्हर्जूस, शिरका आणि माडगं, तीन बास. तेवढेच सुटे देता का आणि किती घेता म्हणून त्यांना मेसेज केलाय, सोबत मामांचा निरोप पण टाकलाय. आठ दिवस झाले, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.