पेट्रोल पॉवर विडर : वर्षभर काळ्या मातीत चालवल्यावर

मागच्या मृगाच्या तोंडावर सात एचपीच्या पेट्रोल इंजिनाचा विडर, म्हणजे पिकाच्या तासातलं तण काढणारं यंत्र, घेतला. खरीप निघाला, उन्हाळी भाजीपालाही झाला. यवतमाळकडच्या आमच्या भारी जमिनीत हा चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, आणि मी त्यावर खूश आहे. पण किती वर्षं चालेल, हे इंजिन सांभाळणाऱ्यावर आहे.

चार फुटी पऱ्हाटीत (कपाशीत) डवरणीला, म्हणजे तासातली माती हलवून तण काढायला, सोयीचा. सोयाबीनच्या अरुंद तासात घालू नका, तिथं बैलाचा डवराच बरा. पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चालवण्याजोगी सुकेपर्यंत, थांबायचं. ओल्या चिकण मातीत पात्यांवर चिखल गोळा होतो आणि इंजिन दबतं.

इंजिन फोर स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. ऑइल खाली वेगळं, साधारण 600 मिली. माझ्या इंजिनात ऑइलचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पट्टी खालचं ऑइल उडवते, त्यावरच सगळं भिजतं. म्हणून रोज सुरू करण्याआधी विडर सपाट जागी उभा करून पातळी पाहतो. पहिलं ऑइल 20 तासांनी काढलं. उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक दिसत होती. नवीन इंजिन घासून बसताना सुटलेला तो धातू. हे पहिलं ऑइल कुणीही लांबवू नये. पुढं पुस्तकात 100 तास लिहिलेत, पण आपल्याकडची धूळ पाहता मी 50 लाच बदलतो.

धुळीचंच सांगायचं तर एअर फिल्टर हा या यंत्राचा जीव आहे. कोरड्या वावरात दिवसभर चालवलं की स्पंज काळा पडतो. साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून चांगला दाबून पिळायचा. तेलकट स्पंजच धूळ धरतो. फिल्टर काढून चालवणारे मी पाहिले आहेत. ती माती थेट सिलेंडरमध्ये जाते, रिंगा झिजतात, मग निळा धूर आणि ऑइल पिणं सुरू. पिकअप वाढल्यासारखा वाटतो म्हणून एवढं नुकसान का करायचं?

दुसरी काळजी पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो. शेजारच्या काकांचा विडर पऱ्हाटी दाटल्यावर टाकी भरलेलाच कोठ्यात उभा होता. पुढं दोरी ओढून ओढून हात दुखले, चालूच होईना. आम्ही 10 नंबरच्या पान्यानं कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) वाटी उतरवली. तळाशी पाण्याचे मणी पेट्रोलपासून वेगळे फिरत होते, कडेला पिवळा चिकट थर. जेट, म्हणजे पेट्रोल जाणारी बारीक भोकाची पितळी नळी, उजेडाकडे धरला तर भोक दिसतच नव्हतं. क्लीनर मारून हवेनं साफ केलं. तार घालून कोरू नये, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. आता आम्ही दोघंही हंगाम संपला की टाकी रिकामी करतो, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि वाटीतलं उरलेलं खालच्या बोल्टातून काढतो.

स्पार्क प्लगची गॅप 0.7 ते 0.8 मिमी ठेवली की दोरीला त्रास नाही. दोरीच्या झाकणाच्या जाळीत काडीकचरा अडकतो, तो रोज काढा. सिलेंडर गार ठेवणारी हवा तिथूनच आत जाते. पात्यांच्या शाफ्टला हरळी आणि जुन्या ठिबकच्या नळीचे तुकडे गुंडाळतात, वेळेवर कापले नाहीत तर गिअरबॉक्सचं सील फाटून ऑइल गळतं.

तक्रार दोन गोष्टींची. हँडल फार थरथरतं, सलग दोन-तीन तासांनी बोटं सुन्न होतात. आणि तालुक्याला सुटे भाग हंगामात मिळत नाहीत. प्लग, स्पंज, वाटीचा वायसर, दोरी आणि शाफ्टचं सील हे मे महिन्यातच आणून घरी ठेवा.