टांकसाळीची चूक म्हणून विकलेलं, घरी कापलेलं नाणं

फोटोत नाणं झकास दिसतं. कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा गायब, नाणं पारदर्शक डबीत बंद, खाली ‘टांकसाळीची दुर्मिळ चूक’ अशी ओळ. पैसे जातात, पार्सल येतं, डबी उघडली की कापलेल्या कडेवर कानशीच्या बारीक आडव्या रेघा दिसतात. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: “जसं आहे तसं विकलं होतं.” यात फसणारा नवखाच असतो असं नाही. वर्षं, राजे, धातू तोंडपाठ असणारेही फसतात, कारण नाणं बनतं कसं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

क्रम थोडक्यात असा. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, मग यंत्रात कडा दाबून थोडी उचलून घेतात. शेवटी चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरखाली दोन साच्यांमध्ये दाबून ठसा उठतो. खरी चूक यातल्या कुठल्यातरी पायरीवर झालेली असते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न तोच: ही चूक कुठल्या पायरीवर झाली? यावर तो “फार रेअर आहे” एवढंच म्हणत राहिला, तर खिशात हात घालू नका.

चंद्रकोरीचंच घ्या. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती तुटक निघते. ठसा त्यानंतर बसतो, त्यामुळे दाबाखाली धातू मोकळ्या जागेकडे सरकतो आणि तिथली अक्षरं ताणल्यासारखी, पुसट होत जातात. शिवाय तुटक्या भागाच्या बरोबर समोरची कड बऱ्याचदा उठलेलीच नसते, कारण कडा उचलताना या बाजूला दाब द्यायला धातूच नव्हता. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तुकडा लहान असेल तर तो दिसेलच असं नाही. घरी कापलेल्या नाण्यात मात्र अक्षर कापाच्या रेषेपर्यंत ठसठशीत येतं आणि मध्येच तुटतं, समोरची कड भरदार असते.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं सगळ्यात जास्त भुरळ घालतं, आणि बाजारात दिसणारी अशी जवळपास सगळी नाणी जादूगारांसाठी बनवलेली असतात. लेथवर एक नाणं आतून पोखरतात, फक्त कड आणि एक बाजू ठेवतात. दुसऱ्याची कड उतरवून ते त्या वाटीत चपखल बसवतात. सांधा बाहेरच्या कडेवर शोधाल तर सापडणार नाही. तो एकाच बाजूला, उंच कडेच्या आतल्या उतारापाशी, केसाएवढ्या गोल रेषेसारखा असतो. दिवा बाजूला धरा, नाणं हळूहळू फिरवा, दहापटीच्या भिंगातून बघा. वजनही बहुधा चुकतं आणि टेबलावर टाकलं तर खणखण येत नाही, बद्द आवाज येतो.

व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीत, दोन नाणी एकमेकांवर दाबली की एकाचा उलटा, खोलगट ठसा दुसऱ्यावर उमटतो आणि ते ‘ब्रॉकेज’ म्हणून खपवतात. खऱ्या ब्रॉकेजमध्ये आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि कोऱ्या चकतीवर त्याचा आरसा-ठसा बसतो. त्या बाजूला नेहमीच्या चित्राचा मागमूस नसतो. व्हाइसच्या मालात मूळ चित्र चेपलेलं, पण खाली शिल्लक असतं.

दोन धातूंच्या नाण्यात आतली चकती फिरलेली दिसली की लोक हुरळतात. या नाण्यांत कडं आणि गाभा दोन्ही कोरे असतात आणि त्यांच्यावर ठसा एकाच वेळी बसतो. त्यामुळे सांध्यावरून जाणारी चित्ररेषा तुटून पुढे सरकली असेल, तर गाभा नंतर काढून पुन्हा बसवला आहे. टांकसाळीत असं घडायला वावच नाही.

रंगाच्या फसवणुकीत अमेरिकेचा 1943 चा एक सेंट प्रसिद्ध. त्या वर्षी तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा होता, वजन सुमारे 2.7 ग्रॅम. चुकून कांस्याच्या चकतीवर उतरलेली मोजकी नाणी 3.11 ग्रॅमची. पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवला तरी लोहचुंबक त्याला धरतोच. दुसरी युक्ती जास्त हुशार: 1948 च्या सेंटमधला 8 कोरून 3 करायचा. तिथे चुंबक आणि वजन दोन्ही निरुपयोगी. आकडाच बघावा लागतो: 1943 मधल्या 3 चं शेपूट बरंच खाली उतरतं, कोरलेल्या 3 ला ते नसतं.

बारीक, हलकं नाणं ‘पातळ चकतीवरचं’ म्हणून येतं. आम्लात बुडवलेलं असेल तर सगळा तपशील सारखाच विरघळल्यासारखा आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. दुहेरी अक्षरांबाबत एकच बघा: साच्यातलं दुहेरीपण गोलसर, उठावदार, टोकांना खाच पडलेलं असतं, ठसा बसताना साचा हलल्यामुळे आलेलं सपाट, पायरीसारखं असतं आणि अक्षराची जाडी खातं. हे दुसरं टांकसाळीतच होतं, पण त्याला किंमत नाही. साच्याला गेलेला तडा नाण्यावर नेहमी उंचवट्याच्या रेषेत येतो. रेषा खोल असेल तर तो निव्वळ ओरखडा.

पैसे देण्याआधी तीन फोटो मागा: पूर्ण कडेचा, बाजूने प्रकाश टाकलेला, आणि दोन दशांश दाखवणाऱ्या वजनकाट्यावरचा. कडेचा फोटो टाळणारा विक्रेता सोडून द्या. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा आणि नाणं पुसू नका, कारण घासलेलं नाणं परत घ्यायला कुणी तयार होत नाही. सीलबंद प्रमाणपत्राची डबी असेल तर तिच्यावरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शोधा आणि तिथला फोटो नाण्याशी ओरखड्यान्‌ओरखडा जुळवा. क्रमांक खरा आणि आत नाणं दुसरंच, असंही होतं.