वेफर्स तळावेत की शिकवणी घ्यावी?

रावेरचा भाचा नववीत आहे. शाळा सांभाळून चार पैसे मिळवायचेत. केळीचे वेफर्स विकू की चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवू, असं विचारतोय.

भांडवलात शिकवणी सरस. ओटा, फळा, खडू, झालं. वेफर्सला कच्ची केळी आपल्याकडे दारातच मिळतात, पैसा खातं ते तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की माल खवट होतो आणि गिऱ्हाईक परत फिरकत नाही. पाकीट नीट बंद नसेल तर पावसाळ्यात सगळं मऊ. अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आई-वडिलांच्या नावानं काढावी. कढईपाशी मोठं माणूस हवंच. यात तडजोड नाही.

वेळेचं गणित मात्र उलटं. वेफर्स रविवारी तळून आठवडाभर विकता येतात, परीक्षेत बंद ठेवता येतात. शिकवणी रोजची, आणि सहामाही सगळ्यांची एकदमच येते. शेजाऱ्यांकडे फी मागायचा संकोच वेगळाच.

घरात तळणारं कुणी असेल आणि पोरगा बोलका असेल, तर उन्हाळी सुट्टीत वेफर्स. हाती पैसा नसेल, स्वभाव शांत असेल, तर शिकवणी, तीही दोन-तीन पोरांचीच. दहावीच्या वर्षी दोन्ही नकोत.