पन्नाशीनंतर चालणे की सूर्यनमस्कार?

दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो आणि व्यायामासाठी जेमतेम अर्धा तास निघतो, अशा पन्नाशीच्या आसपासच्या माणसापुढे सहसा हे दोनच पर्याय उरतात. दोन्हींना खर्च जवळपास नाही. त्यांची चर्चा मात्र कशाने किती उष्मांक जळतात यावरच अडून बसते. या वयात आपल्या शरीराला नेमके काय कमी पडते आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आणि त्याखेरीज किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितला. यातली पहिली अट भरभर चालण्याने सहज पूर्ण होते, फक्त बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका वेग हवा. भाजी आणायला रमतगमत जाणे त्यात धरू नये. दुसरी अट चालण्याने पूर्ण होत नाही, कारण दंड, खांदे आणि छाती यांच्यावर चालताना भार येतच नाही.

सूर्यनमस्कारांची जमेची बाजू नेमकी तीच आहे. साष्टांग स्थितीकडे जाताना शरीराचे बरेचसे वजन हातांवर पेलावे लागते, पाठीचा कणा पुढे आणि मागे दोन्हीकडे वाकतो, आणि हालचाल श्वासाशी बांधलेली असल्याने मनही तेवढा वेळ एका जागी राहते. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे (पुण्यातल्या औंधचा इथे संबंध नाही) अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हा व्यायाम शाळाशाळांतून रुजवला, तोही सर्वांगाला एकाच वेळी काम मिळते म्हणूनच. मात्र वर्षभर काही न करता रथसप्तमीला एकदम १०८ नमस्कार घालण्याचा जो उत्साह दिसतो, त्याने मनगटे आणि कंबर दुखावण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. सहा नमस्कार संथपणे, नीट घातलेले बरे.

वैद्यकीय बाबतीत दोहोंमध्ये स्पष्ट फरक आहे. काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया किंवा मणक्यांमधली सरकलेली चकती (स्लिप डिस्क) असल्यास खाली वाकण्याच्या स्थिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मधुमेह असणाऱ्यांसाठी चालण्याचा एक खास लाभ असा, की जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात आणि ती एकदम चढत नाही. भरल्या पोटी सूर्यनमस्कार घालताच येत नाहीत. गुडघ्यांची झीज असेल तर सपाट रस्त्यावरचे चालणे बहुधा मानवते, पण पर्वती किंवा वेताळ टेकडी उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो, हे टेकडीप्रेमी सहसा मान्य करत नाहीत.

मनाच्या आरोग्यासाठी माझा कौल चालण्याकडे झुकतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने शरीराचे घड्याळ आणि पर्यायाने रात्रीची झोप सुधारते, आणि मुले परगावी गेलेल्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या व्यक्तीला बागेत भेटणारी चार माणसे हा व्यायामाइतकाच मोठा आधार असतो. चिंतेने मन सतत भरकटत असेल, तर मात्र श्वासाच्या लयीत घातलेल्या नमस्कारांनी अधिक लवकर शांत वाटल्याचे अनेक जण सांगतात. नैराश्याचे औषध चालू असल्यास या दोहोंपैकी कशाच्याही भरवशावर ते परस्पर बंद करू नये.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चालण्यात खंड पडतो, सूर्यनमस्कारांना मात्र एक सतरंजी पुरते. हे सगळे पाहता, एकच निवडायचे झाल्यास मधुमेह, एकटेपणा किंवा वर्षानुवर्षांची निष्क्रियता असणाऱ्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी. रोज चालूनही जड पिशवी उचलताना किंवा जमिनीवरून उठताना ज्यांना कष्ट पडतात, त्यांनी आठवड्यातले दोन-तीन दिवस सूर्यनमस्कारांना द्यावेत आणि पहिले काही दिवस ते जाणकाराच्या देखरेखीखाली घालावेत.