एम.एस्सी. प्रकल्पासाठी काय घ्यावं: हिमालयी तेरडा की ऐचिसोनिएला?

पश्चिम हिमालयात प्रकल्प करणाऱ्यांसमोर ही दोन टोकं येतात. इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा म्हणजे गौरीत आणतो त्या तेरड्याचा पुरुषभर उंचीचा भाऊबंद. ऐचिसोनिएला हिमालयेन्सिस ही वनस्पतिशास्त्रज्ञ शिव राम कश्यप यांनी 1914 मध्ये वर्णन केलेली, आपल्या प्रजातीतली (genus) एकुलती एक जाती (species) आणि धोक्यातली लिव्हरवर्ट, म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारी, फुलं न येणारी छोटी वनस्पती.

आकडेवारीसाठी भरपूर झाडं हवी असतील तर तेरडाच घ्या. 1839 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात पोचलेलं हे झाड आज ब्रिटनमध्ये तण म्हणून उपटतात. बोंडं तडकून बी सात मीटरपर्यंत उडतं.

खरी कटकट हर्बेरियमची, म्हणजे झाड प्रेसमध्ये दाबून, सुकवून कागदी शीटवर जपण्याची. खोड पाणीदार, त्यामुळे प्रेसमध्ये सुकण्याआधी काळं पडून कुजतं. ते उभं चिरावं लागतं, क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं आणि टीपकागद रोज बदलावे लागतात. फूल तर दाबलं की संपलंच. पिशवीसारखं खालचं निदल, जोडीनं चिकटलेल्या पाकळ्या, अंडाशयावर टोपीसारखे बसलेले पुंकेसर, सगळ्याचा एकच लगदा होतो. म्हणून फूल त्याच संध्याकाळी सोडवून भाग पातळ कागदावर वेगळे मांडायचे आणि दोन-चार अख्खी फुलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची. दिवसभर चढून आल्यावर हे कोण करणार?

लिव्हरवर्टचा थॅलस, म्हणजे तिचं खोड-पानं नसलेलं चपटं अंग, मातीच्या पातळ थरासकट चाकूनं उचला, जादा माती खरवडा, सावलीत सुकवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्रेस नको. प्लॅस्टिक तर नकोच, बुरशी येते. पुढे कधीही पाण्यात भिजवला की थॅलस पुन्हा फुगतो. ब्लेडनं आडवा छेद घेऊन हवेच्या पोकळ्या, खालचे शल्क आणि गुळगुळीत व खुंट्यांचे असे दोन्ही राइझॉइड (मुळांसारखे धागे) बघता येतात. माझ्या अनुभवात ही पाकिटं तेरड्याच्या शीटपेक्षा कितीतरी भरवशाची ठरली.

अडचण ओळखीची आहे. पक्व बीजाणू नसतील तर नावाबद्दल ठाम बोलू नये, आणि ते हाती लागायचे दिवस थोडेच. शिवाय नमुना नाण्याएवढाच घ्यायचा, तोही या वनस्पतीच्या वस्तीच्या कडेचा. रस्त्यासाठी एक उतार कापला की सगळी वस्ती जाऊ शकते. वन खात्याची परवानगीही आधी हवी.

तरी मार्गदर्शक ब्रायोफायटा (मॉस, लिव्हरवर्ट वगैरेंचा गट) जाणणारे असतील, तर माझा कल ऐचिसोनिएलाकडेच. परवानगीचा अर्ज मात्र पावसाच्या कितीतरी आधी टाका.