गीक्स की निक्सओएस? डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

गेल्या काही महिन्यांत दोघातिघांनी जवळपास एकच गोष्ट विचारली. गीक्स आणि निक्सओएस या, एका कॉन्फिगरेशनच्या फाइलवरून अख्खं मशीन बांधणाऱ्या, दोन्ही लिनक्स सिस्टिम वापरून झाल्यात, कोड लिहायला वेळ नाही, पण डॉक्युमेंटेशनला हातभार लावावासा वाटतो, तर तो कुठे लावावा? एकाचा प्रश्न थोडा निराळा होता: स्वतःच्या संस्थेसाठी लिहिलेल्या सर्व्हिसेसची (मशीनवर मागे आपोआप चालणाऱ्या कामांची) माहिती निक्सओएसच्या रीतीने ठेवावी की गीक्सच्या? मी आधी एक रीत धरली, मग दुसरीकडे वळलो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना मिळून जे सांगता येईल ते सांगतो.

रोलबॅक (मागच्या अवस्थेला परत जाणं), जनरेशन (सिस्टिमची प्रत्येक बांधलेली अवस्था), स्टोअर (पॅकेजेस ठेवायची जागा) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एल्को डोल्स्ट्राने २००३ मध्ये निक्स (निक्सओएसच्या पायाशी असलेला पॅकेज मॅनेजर) सुरू केलं, लुडोविक कुर्तेसने २०१२ मध्ये त्याच कल्पनेवर गाईल स्कीम या भाषेत गीक्स उभं केलं, हेही तुम्ही वाचलं असेलच. पॅकेजच्या वर्णनाबाबत या दोघांत निवड करण्यासारखं फार काही नाही. दोन्हीकडे ते पॅकेजच्या व्याख्येतच लिहायचं असतं आणि दोन्हीकडे शिस्त आहे. गीक्सचं लिंट (व्याख्येतल्या चुका तपासणारं साधन) तर सारांशाची सुरुवात इंग्रजी आर्टिकलने झाली, शेवटी पूर्णविराम आला किंवा वर्णनातल्या दोन वाक्यांमध्ये दोन स्पेस नसल्या, तरी टोकतं. सुरुवातीला त्याचा जाच वाटतो, नंतर हात आपोआप तसा वळतो.

खरा फाटा फुटतो तो सर्व्हिसेसपाशी.

निक्सओएसमध्ये सर्व्हिसचा प्रत्येक ऑप्शन (बदलता येणारी सेटिंग) जाहीर करताना त्याचा प्रकार, डिफॉल्ट, उदाहरण आणि वर्णन हे एकाच ठिकाणी, एकमेकांना चिकटून लिहिलेलं असतं. मॅन्युअलमधली ऑप्शनांची यादी, मशीनवरचं मॅन पेज (टर्मिनलमध्ये वाचायचं मदतीचं पान) आणि ऑप्शन शोधायची वेबसाइट, हे सगळं त्यातूनच तयार होतं. एखाद्या ऑप्शनला वर्णनच दिलं नाही, तर मॅन्युअलचं बिल्ड थांबतं, कारण तिथे वॉर्निंगला चूक मानण्याची सेटिंग मुळातच चालू असते. ऑप्शनचं नाव बदललं तर जुनं नाव वापरणाऱ्याला सिस्टिम बांधतानाच इशारा मिळेल अशी सोय आहे. ओपनएसएसएचचा (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायच्या प्रोग्रामचा) पासवर्ड लॉगिनचा ऑप्शन 'सेटिंग्ज'च्या आत गेला, तेव्हा माझ्या सगळ्या मशीन्सनी मला तसं स्पष्ट सांगितलं. कोड आणि माहिती यांच्यात इतकं कमी अंतर मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे.

गीक्समध्ये सर्व्हिसचा कोड एका फाइलमध्ये आणि तिची माहिती मॅन्युअलच्या टेक्सइन्फो (मॅन्युअल लिहायची एक मार्कअप भाषा) फाइलमध्ये. ती फाइल एकच, आणि अवाढव्य. उघडली की आधी कॉपीराइटच्या ओळींची लांबच लांब रांग लागते, ज्यांनी ज्यांनी भर घातली त्यांची नावं आणि वर्षं. मजकूर त्याच्या खाली सुरू होतो. नवी सर्व्हिस पाठवायची तर या फाइलमध्ये तिचा भाग लिहिणं अपेक्षित असतं, आणि कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) मजकुरात कोणत्या फाइलच्या कोणत्या प्रकरणात भर घातली हेही नोंदवायचं. कॉन्फिगरेशनच्या फील्ड्सवरून (निक्सओएसच्या ऑप्शनांसारख्या सेटिंग्जवरून) टेक्सइन्फो मजकूर काढून देणारं एक फंक्शन आहे, पण त्यातून आलेला मजकूर तुम्ही हाताने नेऊन चिकटवायचा. एकदा चिकटवला की कोड आणि मजकूर यांचे संसार वेगळे. कोडमध्ये डिफॉल्ट बदललं, तर मॅन्युअलला ते आपोआप कळत नाही.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की निर्णय सोपा आहे. मीही तसंच म्हणालो होतो आणि दोन वर्षं निक्सओएसच्या रीतीनेच काम केलं.

एका गावातल्या शाळेची संगणकखोली मी सांभाळतो. नऊ मशीन आहेत. मी पुण्यात, मशीन तिथे, आणि रोजचा कारभार गणिताच्या सरांकडे. सर प्रोग्रामर नाहीत, पण नेटके आहेत. कॉन्फिगरेशनची फाइल उघडून 'फॉल्स'चं 'ट्रू' करणं आणि सिस्टिम पुन्हा बांधणं त्यांना जमतं. त्यांच्यासाठी मी काही छोटी मोड्यूल्स (सर्व्हिस आणि तिचे ऑप्शन जाहीर करणाऱ्या फाइली) लिहिली होती. त्यातलं एक रात्री मुलांच्या फोल्डर्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणारं, अकरा ऑप्शनांचं. अकराही ऑप्शनांना वर्णन होतं, मॅन्युअल विनातक्रार बांधलं जात होतं, मॅन पेजवर सगळं रांगेत दिसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेत गेलो तेव्हा लक्षात आलं, की चार महिने बॅकअप झालेलाच नाही. सरांनी तो चालूच केला नव्हता. विचारलं, तर त्यांनी मॅन पेज उघडून मुख्य ऑप्शनवर बोट ठेवलं. तिथे वर्णन होतं, 'व्हेदर टू एनेबल' आणि पुढे मोड्यूलचं नाव. ते वाक्य मी टाइपही केलेलं नव्हतं. 'एनेबल' ऑप्शन बनवायचं जे तयार फंक्शन आहे, त्याला नाव दिलं की ते वाक्य स्वतःच रचून देतं. सर म्हणाले, "चालू करायचं की नाही हे यात आहे. चालू केल्यावर डिस्कवरचं जुनं काही पुसलं जातं का, ते कुठे लिहिलंय? डिस्कवर गेल्या वर्षीचे निकाल आहेत."

पुसलं जात होतं. चौदा दिवसांपेक्षा जुन्या प्रती काढून टाकायच्या, असं एका ऑप्शनचं डिफॉल्ट होतं. पण त्या ऑप्शनच्या वर्णनात 'किती दिवस प्रती ठेवायच्या' एवढंच होतं. या प्रती म्हणजे मोड्यूलने स्वतः घेतलेल्या प्रती, डिस्कवरच्या इतर फाइलींना ते हात लावत नाही, ही सरांना हवी असलेली ओळ अकरापैकी एकाही वर्णनात नव्हती. ती कुठल्याच एका ऑप्शनची नव्हतीच, सगळ्या सर्व्हिसची होती.

माझ्या मनाने तिथेच कौल दिला. त्या चार महिन्यांत नुकसान काही झालं नाही, पण सर चार महिने थांबले ते योग्यच होतं आणि मी लिहिलेली माहिती त्यांना पुढे सरकू देत नव्हती, हे मला फार लागलं. वाईट याचं वाटलं, की त्या माहितीत बोट दाखवावं असं चुकीचं काही नव्हतंच. प्रत्येक वाक्य खरं होतं. यंत्राने तपासायचं ते सगळं तपासलं होतं. 'वर्णन आहे का' हे यंत्राला कळतं, त्या वर्णनात काही सांगितलंय का हे कळत नाही, आणि वर्णन आहे म्हटल्यावर माणूसही पुन्हा तिकडे वळून पाहत नाही.

आता निक्सओएसवर अन्याय नको. वर्णन भरघोस लिहायला तिथे कुणीच अडवत नाही, आणि उत्तम लिहिलेली वर्णनं पुष्कळ आहेत. मोड्यूलला सलग गद्याचं एक स्वतंत्र प्रकरण जोडायचीही सोय आहे, ती मी तेव्हा वापरली नाही. पण तशी प्रकरणं असलेली मोड्यूल्स एकूण मोड्यूल्सच्या मानाने मोजकीच आहेत, आणि ऑप्शन तर दहा हजारांहून अधिक. माझ्या मते याचं कारण कामाच्या ओघात आहे. ऑप्शन लिहिता लिहिता वर्णनाची ओळ भरली जाते, कोड पूर्ण होतो, बिल्ड हिरवं होतं, आणि सगळ्या सर्व्हिसबद्दल चार परिच्छेद लिहायची वेळ कधी येतच नाही. मग त्या चार परिच्छेदांसाठी वाचक निक्सचं मॅन्युअल, निक्सपॅकेजेसचं (पॅकेजांच्या संग्रहाचं) मॅन्युअल, निक्सओएसचं मॅन्युअल, निक्स डॉट डेव्ह ही वेबसाइट आणि विकी असा फिरत राहतो. २०२४ पासून अधिकृत विकी झाल्यामुळे ही वणवण थोडी कमी झाली आहे, असा माझा अनुभव.

तेच बॅकअप मी नंतर गीक्सची सर्व्हिस म्हणून लिहिलं. शाळेची मशीन हळूहळू तिकडे नेली त्याला इतरही कारणं होती, ती इथे नकोत. माहिती लिहायला बसलो तेव्हा समोर टेक्सइन्फोचं कोरं पान होतं. फील्डची यादी सुरू व्हायच्या आधी सर्व्हिसचं नाव आणि तिच्याखाली मोकळी जागा. मॅन्युअलमधल्या बहुतेक सर्व्हिसेसच्या भागात त्या जागी ही सर्व्हिस कशासाठी आहे ते असतं, मग एक छोटं पूर्ण उदाहरण, आणि त्यानंतर फील्ड. ती घडी समोर असल्यावर रिकामी जागा डोळ्यांना खुपते. मी लिहिलं: दर रात्री काय होतं, कुठल्या फोल्डरमध्ये प्रती जातात, काय पुसलं जातं आणि कशाला कधीच हात लागत नाही. दोन परिच्छेद. सरांनी वाचले आणि त्याच संध्याकाळी सर्व्हिस चालू केली.

इंडेक्सचंही तसंच. टेक्सइन्फोमध्ये लेखक हाताने ठरवतो, की कोणता शब्द शोधणाऱ्याने या परिच्छेदापाशी पोचावं. 'बॅकअप' तर घातलाच, शिवाय 'डिस्क भरणे' आणि 'जुन्या प्रती पुसणे' असेही शब्द घातले, कारण सर तेच शोधणार. इन्फो (टेक्सइन्फोपासून बनलेलं, मशीनवरच वाचायचं मॅन्युअल) वाचताना 'आय' दाबून शब्द टाइप केला की थेट तिथे जाता येतं, आणि शाळेचं इंटरनेट गेलं असलं तरी चालतं. मॅन पेजही मशीनवर असतंच, त्यामुळे ऑफलाइन वाचण्यात कुणी मागे नाही. फरक एवढाच, की तिथे ऑप्शनचं नाव किंवा वर्णनातला नेमका शब्द माहीत असावा लागतो.

गीक्सचा दोष मला पुढच्याच सत्रात भोवला. डिस्क मोठी आणली, म्हणून कोडमध्ये चौदाचे तीस दिवस केले आणि मॅन्युअलमध्ये करायचे राहिले. सरांनी फोन करून विचारलं, "पुस्तकात चौदा आहेत, पण डिस्कवर पंचवीस दिवसांपूर्वीची प्रत दिसतेय. बरोबर काय?" पाच मिनिटांत दुरुस्त झालं. आता कमिट करण्याआधी फील्डचा मजकूर कोडवरून पुन्हा काढतो आणि मॅन्युअलमधल्या मजकुराशी ताडून पाहतो. हे काम निक्सओएसमध्ये करावंच लागत नाही, हे मान्य आहे. तरी मला ते परवडतं. चौदा आणि तीस यांतली तफावत वाचणाऱ्याला दिसली आणि त्याने ती कळवली. आधीच्या वेळी चार महिन्यांत त्याच सरांचा फोन आला नव्हता, कारण काय चुकलंय म्हणून सांगायचं, हाच प्रश्न होता.

भाषांतराचा मुद्दा मराठी माणसाला जवळचा आहे म्हणून घेतो. गीक्सचं मॅन्युअल परिच्छेदांत तोडून भाषांतराला दिलं जातं. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन अशा भाषांत ते मिळतं. मूळ परिच्छेद बदलला, तर भाषांतर तपासलं जाईपर्यंत त्या जागी इंग्रजी दिसतं, जुनं चुकीचं भाषांतर तसंच लटकत राहत नाही. अपडेटनंतर दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या फाइलमध्ये तर प्रत्येक बातमी भाषेच्या कोडसकट लिहायची असते, म्हणजे इंग्रजीशेजारीच दुसऱ्या भाषेतली ओळ घालता येते. निक्सओएसच्या ऑप्शनांसाठी अशी घडी मला तरी आढळली नाही. शाळेच्या मॅन्युअलची मराठी प्रत मी याच मार्गाने ठेवली आहे.

तरीही काहीजणांना मी निक्सओएसच सुचवेन. तुमच्या संस्थेत दहा जण मोड्यूल्सना हात लावत असतील, ऑप्शन दर आठवड्याला बदलत असतील आणि माहिती सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर कोडलगतचं वर्णनच टिकेल. टेक्सइन्फो मॅन्युअल तिथे सहा महिन्यांत शिळं होईल. मुख्य प्रकल्पाला अधूनमधून एखादी दुरुस्ती पाठवायची असेल, तरी तिकडचं मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची रीत) बहुतेकांच्या हातात आधीच बसलेलं असतं. पूर्वी तिथे डॉकबुक एक्सएमएल होतं, तेव्हा मी असं म्हटलं नसतं. टेक्सइन्फो शिकायला एक शनिवार-रविवार द्यावा लागतो. कंस आणि ॲटच्या खुणांची सवय होते, नोडची नावं आणि मेन्यू जुळवताना मात्र सुरुवातीला चुका होतातच. २०२५ मध्ये गीक्सची रिपॉझिटरी कोडबर्ग या कोड ठेवायच्या वेबसाइटवर गेल्यापासून पॅच (बदलाचा मजकूर) ईमेलने पाठवण्याची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे तो अडसर तरी दूर झाला.

पण तुम्ही एकटे किंवा दोघे असाल, वाचणारा माणूस तुमच्यापासून दूर असेल आणि तो कोड वाचत नसेल, तर माझं मन गीक्सच्या रीतीकडेच जातं. सुरुवात करायची असेल तर रोज वापरता त्या एका सर्व्हिसचा भाग इन्फोमध्ये उघडा, शेजारी तिच्या कोडची फाइल ठेवा आणि प्रत्येक फील्डचं डिफॉल्ट जुळतंय का ते पाहा. जिथे जुळणार नाही, ती दुरुस्ती तुमचा पहिला पॅच होऊ शकते. सगळं जुळलं, तर फील्डच्या यादीवरचे परिच्छेद पुन्हा वाचा, आणि ती सर्व्हिस पहिल्यांदाच चालू करणाऱ्याला जे विचारावंसं वाटेल त्याचं उत्तर तिथे सापडतंय का ते बघा.